सहा नंबरचा सिलिंडर: १९६९च्या एका शेव्हेलचं प्रकरण

काकांनी फोनवर एवढंच विचारलं होतं, “इंजिन करण्यासारखं आहे का नाही, ते येऊन एकदा बघ.” मिशिगनमधल्या हॉवेलजवळच्या त्यांच्या शेडमध्ये पोचलो तेव्हा बॉनेट उघडंच होतं. कार्बोरेटर असायला हवा तिथे, इनटेक मॅनिफोल्डच्या तोंडात, काकूंच्या जुन्या सुती साडीचा बोळा कोंबलेला. कार्बोरेटर १९८८ साली दुरुस्तीला म्हणून कुणाकडे दिला, तो माणूसच गाव सोडून गेला, आणि ‘येईल परत’ म्हणता म्हणता गाडी तिथेच उभी राहिली. बोळा उचलला. खाली उंदराचं घरटं, घरट्याखाली गंज. मान वर केली तर पत्र्याला बरोबर त्याच जागी एक भोक.

गाडी म्हणजे १९६९ची शेव्हरले शेव्हेल एसएस ३९६. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन बसवायचं, ही त्या काळची मसल कार. ३९६ हा आकडा घनइंचांचा, म्हणजे साधारण साडेसहा लिटर. त्या वर्षी या मॉडेलला ३२५, ३५० आणि ३७५ हॉर्सपॉवर अशा तीन पायऱ्या होत्या. काकांची सगळ्यात खालची, ३२५ची, चार गिअरची मॅन्युअल. (हे आकडे जुन्या ‘ग्रॉस’ पद्धतीचे, फॅन, आल्टरनेटर, सायलेन्सर काढून ठेवून मोजलेले. १९७२पासून ‘नेट’ आकडे छापायला लागले आणि सगळ्या गाड्या एका रात्रीत अशक्त झाल्यासारख्या दिसल्या.) ३७५वाली असती तर फोन करायची वेळच आली नसती. कसंही असलं तरी इंजिन वाचवलंच असतं. खालच्या पायरीच्या गाडीतच हिशेब करावा लागतो, म्हणून हे प्रकरण लिहितोय.

काका सांगलीच्या वालचंद कॉलेजातून १९७१ साली ॲन आर्बरला शिकायला आले. ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या, आणि गॅलनला दहा-बारा मैल जाणाऱ्या गाड्या लोकांना नकोशा झाल्या. १९७४च्या जानेवारीत एका विद्यार्थ्याने ही गाडी नऊशे डॉलरला काढली. काकांच्या शिष्यवृत्तीत ते बसत नव्हतं, तरी घेतली. लग्न झाल्यावर काकूंना विमानतळावरून याच गाडीने आणलं. काकू अजून सांगतात की त्यांना वाटलं, या देशात सगळ्याच गाड्या एवढा आवाज करतात.

माझं म्हणाल तर वडिलांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंगचं, म्हणजे झिजलेले सिलिंडर कापून मोठे नि गोल करायचं, दुकान होतं. शाळेतून आलो की सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करणाऱ्या होनिंगच्या मशीनवर रॉकेल ओतायचं काम माझ्याकडे. इथे वीस वर्षं इंजिन टेस्टिंगमध्ये आहे. म्हणून काकांनी मला बोलावलं. पण या कामात माझेही अंदाज चुकले, ते पुढे येईलच.

कागद उंदरांनी खाल्ला

इंजिन उघडण्याआधी गाडी नेमकी काय आहे हे ठरवायला हवं होतं. १९६८ साली एसएस ३९६ला स्वतंत्र मालिका होती, गाडीच्या व्हिन क्रमांकातच (म्हणजे ओळख क्रमांकातच) ती कळायची. १९६९ला एसएस नुसता ऑप्शन झाला. व्हिन फक्त एवढं सांगतो की ही व्ही-एट (आठ सिलिंडरांच्या) इंजिनाची मालिबू, म्हणजे शेव्हेलचाच एक प्रकार, दोन दारांची, बाल्टिमोरच्या कारखान्यातली. बिल्ला कुणीही डकवू शकतो, आणि डकवतातही. जनरल मोटर्सकडे अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेव्हेलची गाडीनिहाय नोंद मिळत नाही, कॅनडात विकल्या गेलेल्यांची मिळते. अमेरिकन गाडीला पुरावा म्हणजे कारखान्यातल्या कामगारांसाठी छापलेली ‘बिल्ड शीट’. ती बहुधा पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर किंवा सीटच्या स्प्रिंगांमध्ये अडकलेली सापडते.

आम्ही टाकी उतरवली. कागद होता. हाताच्या पंजाएवढा तुकडा, कडा कुरतडलेल्या, आणि शिल्लक भागावर रंगाचा कोड तेवढा वाचता येत होता. बाकीचा भाग त्या घरट्यात गेला होता, अक्षरशः.

मग उरला ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा ओतीव सांगाडा. या इंजिनाच्या उजव्या बाजूला, हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) पुढे, बोटभर लांबीची एक सपाट पट्टी असते. तिला पॅड म्हणतात. तिच्यावर ठोकलेलं होतं टी०२०४ आणि पुढे दोन अक्षरं. टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाचा इंजिन कारखाना, ०२०४ म्हणजे ४ फेब्रुवारी, आणि शेवटची अक्षरं इंजिन किती ताकदीचं नि कुठल्या गिअरबॉक्ससाठी ते सांगतात. शेजारी व्हिनचा शेवटचा भाग: १ म्हणजे शेव्हरले, ९ म्हणजे १९६९, बी म्हणजे बाल्टिमोर, पुढे सहा आकडे. काकांनी चष्मा वर करून गाडीच्या डॅशबोर्डवरचा क्रमांक वाचला, मी पॅडवरचा. जुळले.

तेवढ्यावर थांबलो नाही. ब्लॉकवर ओतकामाची तारीख असते: ए २१ ९, म्हणजे २१ जानेवारी १९६९. जानेवारीत ओतला, ४ फेब्रुवारीला इंजिन जुळवलं, आणि बॉडीच्या पत्र्यावरचा शिक्का ०२सी, म्हणजे फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. क्रम बरोबर लागतो. ओतकाम बॉडीनंतरचं निघालं असतं तर पॅडवरचा आकडा कितीही सुबक असला तरी खोटा. मन्सी गिअरबॉक्सवरही तोच क्रमांक ठोकलेला निघाला, ही जमेची बाजू. पण इंजिन ३९६च होतं आणि ते याच गाडीतलं होतं, हे ठामपणे सांगणारा पुरावा म्हणजे ती बोटभर पट्टी.

आणि पंचाईत अशी की ही पट्टी ब्लॉकच्या डेकच्याच पातळीत असते. डेक म्हणजे जिथे हेड बसतं तो सपाट भाग. डेकचं फेसिंग करताना, म्हणजे तो कापून सपाट करताना, कटर पुढे गेला की आकडा गेला. आकड्याखाली ब्रोचिंगच्या, म्हणजे कारखान्यातल्या मूळ कापणीच्या, बारीक समांतर रेघा असतात, त्याही जातात. घासून नवा आकडा ठोकणारे लबाड पुष्कळ आहेत, म्हणून गिऱ्हाईक भिंग घेऊन आधी या रेघाच बघतं.

तीन माणसं, चार मतं

काकांच्या मुलाचं मत पहिल्या दिवसापासून पक्कं. “दादा, तुम्हीच समजवा ना बाबांना. एलएस टाकूया. चावी फिरवली की चालू, मायलेज डबल.” एलएस म्हणजे जीएमने १९९७च्या कॉर्व्हेटपासून आणलेली इंजिनांची पिढी. इथल्या भंगारात ट्रकमधून निघालेली ढिगाने मिळतात. मुलगा चुकीचं बोलत नव्हता. गाडी रोज चालवायची असेल तर मीही तेच सांगेन.

मशीन शॉपचा म्हातारा अमेरिकन, चाळीस वर्षं व्ही-एट उघडणारा. तो म्हणाला, “हा ब्लॉक कोपऱ्यात ठेवा. सातशे डॉलरला ४०२चा चांगला ब्लॉक देतो, तो बांधा. आकडा कुणाला दाखवायचा असला तर कोपऱ्यातला दाखवा.” त्याचंही खरं. ४०२ म्हणजे ३९६चाच थोरला भाऊ. मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.०९४ इंच होता, पुढे कारखान्यानेच तो ४.१२६ केला, आणि तरीही गाडीवर बिल्ला ३९६चाच ठेवला. म्हणजे १९७०च्या कित्येक ‘३९६’ गाड्या खऱ्या ३९६ नाहीतच.

काकांची मतं दोन होती. सकाळी “सगळं जसंच्या तसं ओरिजिनल पाहिजे”, संध्याकाळी “अरे, पंचाहत्तरीला मी काय करू त्या इंजिनाचं?”

मी एवढंच म्हटलं, की ‘इंजिन करायचं का’ असा प्रश्न घेऊ नका. इंजिन ही एक वस्तू नाही. शेडच्या फरशीवर सगळं मांडू, आणि एकेका भागावर खडूने लिहू: ‘रा’ म्हणजे राखायचा, ‘ब’ म्हणजे बदलायचा, ‘वि’ म्हणजे विचार करायचा. ‘वि’चा ढीग किती राहतो ते बघू आणि मग पैशाचं बोलू.

उघडताना

इंजिन धरलेलं होतं. क्रँकच्या बोल्टवर चार फुटी पान्हा लावला, केसभरही हललं नाही. स्पार्क प्लगच्या भोकांतून ट्रान्समिशन ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं करून ओतलं आणि तीन आठवडे ठेवलं. काकांचा आग्रह डिझेल-रॉकेलचा होता. उद्यमनगरात आम्हीही तेच ओतायचो, म्हणून दोन सिलिंडरांत त्यांच्या मनासारखं केलं. फरक काही दिसला नाही. शेवटी हेडं काढली आणि लाकडाचा ठोकळा ठेवून हाताने पिस्टन उतरवले.

गंज दोनच सिलिंडरांत होता, पाच आणि सहा. हे अगदी शिस्तीत झालेलं. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. सहा आणि पाच लागोपाठ येतात. इंजिन ज्या जागी थांबलं तिथे या दोघांचे इनटेक व्हॉल्व्ह उघडे राहिले. पत्र्यातून पडलेलं पाणी बोळ्यातून झिरपलं आणि दार उघडं दिसलं तिथे शिरलं. सहा नंबरचा पिस्टन ठोकताना फुटला. आतली भिंत पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या विळ्यासारखी.

एक चूक मुलाच्या हातून झाली, पण दोष माझा, मी सांगितलं नव्हतं. त्याने सोळाही टॅपेट उपसून एका बादलीत टाकले. व्हॉल्व्ह उघडतो तो कॅमच्या दांड्यावरचा उंचवटा, म्हणजे लोब, आणि त्याच्यावर टेकून व्हॉल्व्हला ढकलतो तो टॅपेट. सपाट तळाच्या टॅपेटची आणि लोबची जोडी असते. हजारो मैल एकमेकांवर घासून ते एकमेकांचे झालेले असतात. जोडी चुकवून बसवले तर लोब काही तासांत झिजतो आणि त्याचा कीस सगळ्या बेअरिंगांत फिरतो. कॅमशाफ्ट हातात घेतला तर चांगला होता. त्याच्यावर ‘वि’ लिहिणार होतो. बादलीकडे बघून ‘ब’ लिहिलं.

साडेचारशे डॉलरची तपासणी

इथे लोक घाई करतात आणि पिस्टन मागवून बसतात. मीही तेच केलं. पाच नंबरच्या बोअरवरून नख फिरवलं आणि काकांना सांगितलं, “तीस थाऊमध्ये साफ होईल.” (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आपल्याकडच्या दुकानांतला शब्द.) काकांनी त्याच रात्री तीस थाऊ ओव्हरसाइझचा संच मागवला. मोजमाप व्हायच्या आधी. वडील असते तर पाठीत रट्टा बसला असता.

तपासणीत चार गोष्टी केल्या. ब्लॉक गरम कॉस्टिकच्या टाकीत धुतला. मग मॅग्नाफ्लक्स: ब्लॉकला चुंबक लावून बारीक लोखंडी भुकटी फुंकायची. तडा असेल तिथे भुकटी रेघेसारखी उभी राहते. पाण्याच्या वाटा बंद करून आत हवेचा दाब दिला आणि बाहेरून साबणाचं पाणी मारलं. शेवटी सोनिक टेस्ट, म्हणजे ध्वनिलहरींनी सिलिंडरच्या भिंतीची जाडी मोजणं. प्रत्येक सिलिंडरला चार बाजूंनी, वर-खाली. आकडे म्हातारा सांगत होता, काका लिहून घेत होते. शेडमधल्या कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या बाजूला, मराठी अंकांत.

निघालेले आजार तीन. ब्लॉकच्या डाव्या बाजूला, बाहेरच्या पाण्याच्या जॅकेटवर, साडेतीन इंचांचा केसासारखा तडा. शेवटच्या उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये नुसतं पाणी भरलेलं, मिशिगनच्या हिवाळ्यात ते गोठलं आणि फुगलं. फ्रॉस्ट प्लग, म्हणजे ब्लॉकच्या भोकांवरच्या टोप्या, अर्धवट बाहेर आलेच होते, पण तेवढ्याने भागलं नाही. दुसरा आजार सहा नंबर: गंजाचे खड्डे सत्तर थाऊ बोअर केल्याशिवाय निघणार नाहीत, आणि तेवढं केलं तर भिंत पातळ. तिसरा, दोन्ही डेकवर पाण्याच्या भोकांभोवती गंजाने खाल्लेले खळगे, आठ थाऊ तरी फेस मारावा लागणार.

पाच नंबर तीस थाऊमध्ये साफ झाला. तळाशी एक काळपट सावली राहिली, पण रिंगा तिथवर पोचत नाहीत. माझं नाक वाचलं ते नशिबाने.

ब्लॉकचा हिशेब

तड्याला इथे कोल्ड स्टिचिंग करतात. तड्याच्या रेघेवर एकाला एक चाटून भोकं पाडायची, आटे काढायचे, धातूच्या आट्याच्या पिना पिळून बसवायच्या, वरचं डोकं तोडून ठोकून घासायचं. पिनांची साखळी होते आणि तडा तिच्याखाली मिटतो. उष्णता अजिबात नाही, आणि तेच महत्त्वाचं. बीडाला एका जागी गरम केलं की शेजारी नवा तडा जातो. वडील अशा ब्लॉकला आधी कोळशावर सगळा तापवून पितळ भरायचे. ते टिकायचं, पण त्या तापण्यात बोअर वाकडे व्हायचे. तेव्हा ब्लॉक ऑइल इंजिनाचा असायचा, सहाशे-सातशे आरपीएमचा, त्याला चालून जायचं. बाहेरच्या जॅकेटवर ज्वलनाचा दाब येत नाही, नुसत्या पाण्याचा, म्हणून इथे स्टिचिंग निर्धास्त. हाच तडा मेन बेअरिंगच्या गाळ्यात किंवा दोन सिलिंडरांच्या मध्ये असता तर मी ब्लॉकवर स्वतःच्या हाताने ‘ब’ लिहिलं असतं.

सहा नंबरला लायनर, म्हणजे आत बसवायची नवी नळी. या शब्दावर म्हाताऱ्याने तोंड वाकडं केलं. इथल्या पेट्रोल व्ही-एटवाल्यांना लायनर मारलेला ब्लॉक म्हणजे कमअस्सल वाटतो. आपल्याकडे उलट. “लायनर मारला की इंजिन नवं,” हे वाक्य मी लहानपणी दिवसातून दहादा ऐकलेलं. भिंत मोठी बोअर करायची, तळाला एक पायरी सोडायची, लायनर दाबून बसवायचा, वरून डेकबरोबर सपाट करायचा, मग बाकीच्या सात सिलिंडरांबरोबर तोही तीस थाऊवर आणायचा. तीस थाऊनंतर बोअर होतो ४.१२४ आणि इंजिन जवळपास ४०२ घनइंचांचं. कारखान्याने पुढे जे केलं तिथेच आम्ही पोचलो, फक्त पन्नासहून जास्त वर्षं उशिरा.

डेकचा प्रश्न सगळ्यात बारीक आणि सगळ्यात तापदायक. पहिल्या दुकानात सांगितलं, “पॅड वाचवता येणार नाही, कटर मोठा आहे. मारून टाकतो, नंतर आकडा ठोकून देतो, कुणाला कळतंय.” हे त्याने इतक्या सहज म्हटलं की काका काही बोललेच नाहीत, ब्लॉक उचलून परत गाडीत. दुसरीकडे सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं, मशीन होतं. तिथे कटरची वाट अशी बसवता येते की हेड गॅस्केटची जागा पूर्ण साफ होते आणि पॅडच्या अलीकडे कटर वर उचलला जातो. पॅड आता डेकपेक्षा आठ थाऊ उंच उभा आहे. हेड त्याच्यावर येत नाही, त्यामुळे काही अडत नाही. मशीनवर चढवण्याआधी काकांनी पॅडवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि आकड्याचा ठसा घेतला. नंतर पुन्हा घेतला. दोन्ही शेजारी धरून बघितले तेव्हा कुठे चहा प्याले.

आता पैसे. स्टिचिंग ६००, लायनर २२५, सीएनसीचे साध्या फेसिंगपेक्षा १५० जास्त. एकूण ९७५ डॉलर. मुलगा म्हणाला, “सातशेत दुसरा ब्लॉक येतो, तर हे कशाला?” त्याला कालनिर्णयाच्या पाठीवर मांडून दाखवलं. सातशेचा ब्लॉक आणला तरी तोही धुवायचा, मॅग्नाफ्लक्स करायचा, सोनिक करायचा, म्हणजे तीनशे. झाले हजार. बोअरिंग, होनिंग, डेक, पिस्टन, बेअरिंगं दोन्हीकडे तीच. लोक जुन्या इंजिनाच्या सगळ्या कामाचा आकडा एका बाजूला ठेवतात आणि दुसऱ्या बाजूला नुसत्या बदली ब्लॉकची किंमत. तसं केलं तर जुना ब्लॉक कधीच परवडणार नाही. तुलना करायची ती फक्त या ब्लॉकमुळे वाढलेल्या खर्चाची. इथे ती पंचवीस डॉलरने उलटी निघाली. मुलगा आकडे दोनदा तपासून गप्प बसला. तडा आत गेला असता किंवा तीन सिलिंडरांना लायनर लागले असते तर हाच कागद उलटं बोलला असता, आणि मी काकांना म्हाताऱ्याचा ब्लॉक घ्यायला लावला असता. आकडा कोपऱ्यात राहिला असता.

बाकीचं सामान

क्रँकशाफ्ट जर्नलवर दहा थाऊ घासून अंडरसाइझ बेअरिंगांत बसला. ‘रा’. कनेक्टिंग रॉड ठेवले, त्यांचे बोल्ट नाही. रॉडचा बोल्ट तुटला तर तो ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर येतो, आणि मग आकडा वाचवून उपयोग काय? कॅम, टॅपेट, टायमिंग चेन, ऑइल पंप, पेट्रोल पंप: सगळं नवीन, चर्चाच नाही. ही झिजायचीच वस्तू आहे. १९७४ साली काकांनी गाडी घेतली तेव्हाही यातलं काही कारखान्यातलं राहिलं असेल याची खात्री नव्हती.

वाद झाला हेडवर. यांच्या व्हॉल्व्हच्या सीटा (व्हॉल्व्ह टेकतात त्या कडा) बीडातच कापलेल्या, वेगळ्या बसवलेल्या नाहीत. जुन्या पेट्रोलातलं शिसं एक्झॉस्ट सीटांना वंगणासारखं जपायचं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल १ जानेवारी १९९६पासून पूर्ण बंद आहे. म्हणून म्हाताऱ्याला आठही एक्झॉस्टला कडक सीटा बसवायच्या होत्या. पण सीट बसवायला हेड खोल कोरावं लागतं, आणि आतून गंजलेल्या जुन्या हेडात कटर पाण्याच्या वाटेला लागला की हेड भंगारात. वर्षाला पाचशे मैल चालणाऱ्या गाडीला हे कशाला? दोन सीटा खरोखर खाली बसल्या होत्या, तेवढ्या दोनच बदलल्या. बाकीच्या नुसत्या कटिंग करून घेतल्या. म्हाताऱ्याला पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही.

पिस्टनचा डोम मुद्दाम ठेंगणा निवडला होता. मूळ कॉम्प्रेशन १०.२५ला एक. आता पंपावर ९३ ऑक्टेनच्या वर सहसा काही मिळत नाही, बीडाच्या हेडात ते काठावर जातं. साडेनऊवर आणलं. काका दोन दिवस रुसले. “मग ३२५ हॉर्सपॉवर कुठून येणार?” मी म्हटलं, काका, ते ३२५ तेव्हाही कागदावरच होते.

क्रँकच्या पुढचा डँपर, म्हणजे कंप शोषणारं चाक, मात्र जवळजवळ फसवून गेला. दिसायला सुंदर, नुसता रंग मारला की झालं असं वाटणारा. दोन लोखंडी कड्यांच्या मधलं रबर वाळून बाहेरचं कडं अर्धा इंच सरकलेलं निघालं. त्यावरच टायमिंगची खूण असते. तसाच लावला असता तर खूण खोटी, इग्निशन चुकीचं, आणि आम्ही महिनाभर कार्बोरेटरला शिव्या देत बसलो असतो. नवं रबर भरून आणला.

कार्बोरेटर दुसराच घेतला, रॉचेस्टर क्वाड्राजेटच, पण एका जुन्या पाँटियॅकमधून निघालेला. बरोबर तारखेचा मिळेल तेव्हा मिळेल, काका शोधत राहतील, त्यांना तेवढाच विरंगुळा. इनटेक मॅनिफोल्ड बीडाचं मूळचंच ठेवलं. उचलताना कंबर धरते.

सगळा खर्च, तपासणीसकट, सव्वासहा हजार डॉलरच्या आसपास गेला. जुळणी आम्ही तिघांनी केली, तिची मजुरी धरलेली नाही. मुलाच्या एलएसचा अंदाज वायरिंग, टाकीतला पंप, माउंटिंग धरून सातला पोचत होता.

वीस मिनिटं

नव्या सपाट टॅपेटच्या कॅमला पहिल्यांदा चालू झाल्या झाल्या दोन ते अडीच हजार आरपीएमवर वीस मिनिटं ठेवावं लागतं, आयडलवर सोडायचं नाही. हल्लीच्या ऑइलात झिंक कमी असतं, म्हणून झिंकवालं ब्रेक-इन ऑइल घातलं. ड्रिलने ऑइल पंप फिरवून आधी सगळीकडे दाब चढवून घेतला.

रविवार होता. मुलगा ॲक्सिलरेटरवर, मी टायमिंग लाइट घेऊन, काकू दाराबाहेर कानावर हात ठेवून उभ्या. तिसऱ्या फिरकीला पेटलं. पत्र्यावरचे पक्षी उडाले. मी काकांकडे बघितलं, म्हटलं आता डोळ्यांत पाणी वगैरे. ते गाडीच्या डाव्या बाजूला उकिडवे बसून टॉर्चने तडा बघत होते. वीसही मिनिटं तिथेच. स्टिचिंगवर बोट फिरवायचे, बोट बघायचे, परत फिरवायचे.

“कोरडं आहे,” इंजिन बंद झाल्यावर म्हणाले.

मग उजव्या बाजूला आले, साडीचा तोच धुतलेला तुकडा घेऊन पॅड पुसला आणि मुलाला म्हणाले, “वाच रे मोठ्याने.” त्याने वाचला, इंग्रजीत. काकांनी कालनिर्णयाच्या त्या रविवारच्या चौकोनात मराठी अंकांत लिहिला.

निघताना बघितलं तर इंजिनाच्या मागच्या सीलखाली फरशीवर तेलाचा एक थेंब पडला होता. सील मी स्वतः बसवलेलं, आणि आता ते बघायचं तर इंजिनाखालचं ऑइल पॅन उतरवा. मी काही बोलायच्या आत काकांनी खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याच्याखाली सरकवला.

“राहू दे. एवढा थेंब तेव्हाही पडायचा.”